एक्क्याऐंशी टक्के मोकळी

१

तेवीस तारखेला सकाळी अकरा वाजून एकतीस मिनिटांनी एक बसड्रायव्हर रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर आडवा होता. पोटात रक्तस्राव चालू होता आणि सर्जनबाईंना एकच गोष्ट हवी होती. चार वर्षांपूर्वी याच रुग्णालयात त्याला भुलीच्या एका औषधाची वाईट बाधा झाली होती. कुठलं औषध, ते बायकोला आठवत नव्हतं, आणि तो स्वतः सांगायच्या अवस्थेत नव्हता. जुना रिपोर्ट सर्व्हरवर होता. नर्सनं बटण दाबलं, पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागलं, आणि अकरा चौपन्नपर्यंत ते फिरतच राहिलं.

तेवीस मिनिटं.

ड्रायव्हर वाचला, आणि तिथेच घोळ झाला. गेला असता तर चौकशी झाली असती. वाचला म्हणून नुसता दोषी शोधायचा होता, आणि तो चोवीस तारखेलाच सापडला. दोषी म्हणजे माझी वहिनी.

आमच्या घराण्यात नणंदेनं भावजयीची बाजू घेतल्याची नोंद नाही, म्हणून आधीच सांगते की आमचं पटत नाही. माझ्या हातच्या चहाला ती 'गरम पाणी' म्हणते. एरवी मला 'अगं' म्हणते, पण राग आला की 'वन्सं' म्हणून अहोजाहोवर येते. चोवीस तारखेला तिनं फोन केला तो असा: "वन्सं, तुम्ही वीस वर्षं बँकेच्या सर्व्हरखोलीत काय फक्त पंखे पुसलेत, की काही येतंसुद्धा?"

प्रकरण गंभीर आहे हे मला तेव्हाच कळलं.

वहिनी प्रयोगशाळेच्या रिपोर्ट विभागात सतरा वर्षं आहे. अकरा तारखेला तिनं जुने रिपोर्ट पटकन सापडावेत म्हणून एक छोटी शोधप्रणाली स्वतः लिहून बसवली. बारा तारखेपासून सर्व्हर मंद झाला. आधी प्रणाली, मग मंदपणा, म्हणजे प्रणालीमुळेच मंदपणा! कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असं म्हणणाऱ्याला आपण हसतो. इथे मात्र त्याचं आरोपपत्र झालं होतं. समिती एकोणतीस तारखेला चार वाजता बसणार होती, आणि आरोप सिद्ध झाला की वहिनी घरी.

नियमानुसार आरोपीला एक साहाय्यक नेता येतो आणि पुरावे तपासता येतात. आरोपपत्रात पुरावा क्रमांक एक म्हणून ज्या कुणी उत्साहानं 'सर्व्हर' असं लिहिलं होतं, त्याचे आभार मानून मी एकोणतीसला सकाळी दहा वाजता दारात उभी राहिले.

२

समितीचे अध्यक्ष म्हणजे स्वतः अधीक्षक. त्यांच्या टेबलावर पाण्याचा एक ग्लास होता. बाकी काही नव्हतं. कागद नाही, पेन नाही, धूळसुद्धा नाही. मागच्या भिंतीवर त्यांच्याच सहीचं परिपत्रक फ्रेम करून लावलेलं: 'वाचून झालेली फाइल तत्काळ तळघरात परत पाठवावी. मोकळे टेबल हीच कार्यक्षमता.'

"बसा," ते म्हणाले. "पर्स मांडीवर घ्या. टेबलावर नको."

तेवढ्यात एक पांढऱ्या मिशांचे शिपाई फाइल घेऊन आत आले, धापा टाकत. साहेबांनी एक पान पाहिलं, फाइल मिटली, बोटानं दार दाखवलं. शिपाई फाइल घेऊन पुन्हा खाली गेले. मला नंतर कळलं की सगळे त्यांना जिनेवाले काका म्हणतात. तळघरापर्यंत बासष्ट पायऱ्या आहेत आणि लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी.

"साहेब," मी म्हटलं, "वहिनीची प्रणाली तुम्ही चोवीसला काढून टाकलीत. आज एकोणतीस. सर्व्हर अजून मंदच आहे."

"परिणाम अजून उतरलेला नाही."

"प्रणाली आहे ती. दारू नव्हे."

"मला तांत्रिक काही कळत नाही, बाई," ते म्हणाले. हे वाक्य लोक ज्या अभिमानानं म्हणतात, त्याच अभिमानानं. "पण शिस्त कळते. ज्याला विचारून करता येतं, त्यानं न विचारता केलं. संपलं."

"वेग पाहूनच ठरवाल ना?"

"ठरलेलं आहे," ते म्हणाले. आणि मग जीभ चावून, "म्हणजे, चार वाजता ठरेल."

दारातच काका परत येताना भेटले. हातात तीच फाइल होती.

"आत्ता तर खाली नेलीत ना?"

"पुढचं पान बघायचं राहिलं म्हणे," काका म्हणाले. "आज सहावी खेप. गुडघे माझे, टेबल त्यांचं."

३

संगणकप्रमुखांच्या खोलीत भिंतभर एक बोर्ड होता. त्यावर एकच आकडा, हाताएवढा, हिरवागार: मोकळी मेमरी ८१%.

"पन्नासच्या खाली गेला की लाल होतो," प्रमुख म्हणाले. चाळिशीचा, सतत घाम पुसणारा माणूस. "पण जात नाही. साहेबांच्या खोलीतल्या पडद्यावरही हाच आकडा दिसतो. दिवसातून दहादा बघतात."

कोपऱ्यातल्या खुर्चीत पुरवठादार बसला होता. गळ्यात टाय, मांडीवर माहितीपत्रकं. सर्व्हर मंद झाल्यावर आनंदी दिसणारा त्या इमारतीतला तो एकटाच माणूस, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावर गेला.

"मशीन म्हातारं झालं, मॅडम," तो म्हणाला. "नवीन घ्या."

"दहा तारखेला तुम्हीच मेमरी दुप्पट केलीत ना?"

"केली! आणि दोन दिवसांत भरली! बारा तारखेला सकाळी बोर्ड लाल. साहेबांचा मला फोन, 'एवढी मेमरी खाल्ली कोणी?' मी म्हटलं, वापरणाऱ्यांना विचारा."

"मग आता एक्क्याऐंशी टक्के मोकळी कशी?"

पुरवठादारानं प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी घाम पुसला. "विभागाचे प्रयत्न," ते म्हणाले.

"तुम्हाला बाहेरून सर्व्हरमध्ये शिरता येतं?" मी पुरवठादाराला विचारलं.

"दहाला काम संपलं आणि यांनी पासवर्ड बदलला. आता मला घंटा वाजवूनच यावं लागतं." तो नाराजीनं म्हणाला, आणि ती नाराजी खरी होती. मी त्याला यादीतून खोडलं.

माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट अडकून राहिली. मशीनची जागा दुप्पट झाली होती, त्यातली चार पंचमांश मोकळी होती, तरी मशीन रांगत होतं. घर प्रशस्त, माणसं मोजकी, आणि तरी प्रत्येकाला दाराशी ताटकळायला लागतंय. घरात कुणीतरी काहीतरी लपवत होतं.

४

औषधखिडकीसमोर पंचवीस माणसं उभी होती आणि खिडकीतली बाई खुर्ची मागे सरकवून शांतपणे नखं बघत होती.

"अडकलंय?"

"साडेबारा वाजले ना," ती म्हणाली. "मोठा काटा बारावर किंवा सहावर आला की मी हात टेकते. दहा-बारा मिनिटं. गर्दी असली की वीस-पंचवीस."

"रोज?"

"रोज. बारा तारखेपासून. मी वर सांगितलं, तर म्हणाले लेखी द्या. लेखी दिलं, तर म्हणाले नमुना चुकला." तिनं एक वही काढली. पानापानावर छोट्या रेघा, तारीखवार. "एकोणीस तारीख तेवढी कोरी गेली बघा. सकाळभर एकदाही अडकलं नाही. नोकरीत पहिल्यांदा चहा गरम प्यायले. दुपारी एक वाजला आणि ये रे माझ्या मागल्या."

"एकोणीसला काय विशेष होतं?"

"काही नाही बाई. हां, अधीक्षक बाहेर बैठकीला गेले होते. एकला परत आले."

मी ते मनात ठेवलं.

समोरच्या बाकावर एक बाई औषधांची चिठ्ठी धरून बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही चौकशीवाल्या का? मी ड्रायव्हरची बायको. त्या रिपोर्टवाल्या बाईंनीच उशीर केला म्हणतात, खरं का?"

वहिनी एव्हाना येऊन माझ्या शेजारीच उभी होती. तिला ही बाई ओळखत नव्हती.

"तसं चूक माझीच," ती बाई पुढे म्हणाली. "औषधाचं नाव मला पाठ पाहिजे होतं. नवऱ्याचं एवढं नाव लक्षात राहू नये बायकोला? ते आत, आणि मी पर्स उलटी करून चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी शोधतेय." तिनं डोळे पुसले नाहीत. नुसती चिठ्ठीची घडी आणखी बारीक केली.

 वहिनी वळून चालू लागली आणि जिन्याच्या वळणावर थांबली.

"वन्सं," ती म्हणाली, "माझी नोकरी गेली तर जाऊ दे. पण ही बाई जन्मभर स्वतःला दोष देणार आहे. ते मला चालणार नाही. काय ते आजच शोधा."

घड्याळात एक वाजत होता. आमच्या मागे, खालच्या मजल्यावर, खिडकीतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

५

सव्वादोनला प्रमुखांनी सर्व्हरखोली उघडली. "फक्त बघायचं," त्यांनी बजावलं आणि माझ्या खांद्यामागे उभे राहिले.

बघायलाच आले होते. पडद्यावर तीन आकडे लावले. चालू प्रोग्रॅमनी घेतलेली मेमरी एकोणीस टक्के. मोकळी सत्तावन्न. उरलेली चोवीस टक्के कॅशे.

कॅशे म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं पाणी तिथेच मुरतंय. डिस्क लांब असते आणि सावकाश असते. म्हणून लिनक्स, म्हणजे सर्व्हर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, एकदा डिस्कवरून आणलेली माहिती मेमरीत हाताशी ठेवून देतो. कुणी पुन्हा मागितली तर लगेच हजर. एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की तीच जागा तो मुकाट्यानं खाली करून देतो. त्यामुळे धडधाकट लिनक्सची मेमरी भरलेलीच दिसते. भरलेली म्हणजे कामाला लावलेली.

दोन एकोणतीस. डिस्कचे दिवे निवांत.

दोन तीस. प्रोग्रॅम एकोणीस टक्केच राहिले. कॅशे चोवीसवरून शून्यावर आला. मोकळी मेमरी एक्क्याऐंशी.

त्याच क्षणी डिस्कचे सगळे दिवे एकदम पेटले आणि विझेचनात. प्रोसेसर रिकामा बसलेला, आणि डिस्क धावतेय. मला बासष्ट पायऱ्या आठवल्या.

ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत दर अर्ध्या तासाला एक नाव होतं: सफाई. ती फाइल मला उघडता येत नव्हती.

"यात काय आहे?"

"काही नाही हो. तात्पुरत्या फाइली पुसतो."

"त्या डिस्कवर असतात. डिस्कवर तर इंचभर जागा वाढली नाही. वाढली ती मेमरीत."

"तुम्ही फाइल उघडलेली नाही," प्रमुख म्हणाले. आवाज आता कोरडा झाला होता. "मग समितीत सिद्ध कसं करणार?"

बरोबर होतं. पण लिनक्सची एक सवय त्यांना ठाऊक नव्हती. कुणी त्याचा कॅशे मुद्दाम रिकामा करायला लावला, तर तो हुकूम पाळतो, हूं की चूं करत नाही. पण आपल्या नोंदवहीत वेळेसकट एक ओळ लिहून ठेवतो. घरातल्या शहाण्या सुना करतात तसं.

मी नोंदवही छापायला लावली. पुरावा क्रमांक एकची प्रत मिळणं हा आरोपीचा हक्क. पहिली ओळ बारा तारखेच्या दुपारी बाराची. मग दर अर्ध्या तासाला एक. तेवीस तारखेच्या पानावर, साडेअकराच्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली.

मग एकोणीस तारखेचं पान काढलं आणि ओळी दोनदा मोजल्या. आठ ओळी कमी होत्या. आत्तापर्यंत मी एक मूर्खपणा शोधत होते. तो मूर्खपणा नव्हता.

६

समितीत दोघं होते: अधीक्षक आणि सर्जनबाई. समोर वहिनी आणि मी, दाराशी संगणकप्रमुख. तेवीस तारखेला सर्जनबाई तेवीस मिनिटं हात वर धरून उभ्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आरोपपत्रातली घटनेची वेळ वाचायची आहे," मी म्हटलं.

काका फाइल घेऊन वर आले. 'अकरा एकतीस ते अकरा चौपन्न.' साहेबांनी सवयीनं फाइल मिटली. काका खाली गेले.

"आता वहिनीची प्रणाली कधी काढली, ती तारीख."

काका पुन्हा आले. 'चोवीस.' फाइल खाली गेली. आम्ही सगळे भिंतीकडे बघत बसलो. काकांचे पाय जिन्यावर वाजत होते.

"आता मंदपणा कधी सुरू झाला, ते पान."

या वेळी पाच मिनिटं लागली. सर्जनबाईंनी घड्याळ पाहिलं. काका दारात आले ते चौकट धरूनच. मी ओळ वाचली आणि म्हटलं, "आता साक्षीदारांची यादी—"

"अहो, ती फाइल इथेच राहू द्या ना!" अधीक्षक कडाडले. "दर वेळी खाली काय पाठवताय? पुन्हा लागणार आहे हे कळत नाही?"

"राहू देऊ?" मी विचारलं. "टेबल भरेल."

 काका हळूच भिंतीला टेकले.

"साहेब, सर्व्हरनं हेच केलं होतं. रुग्णांचे रिपोर्ट हाताशी ठेवले होते, कारण पुन्हा लागणार हे त्याला कळत होतं. तुमचा आकडा लाल झाला. मग दर अर्ध्या तासाला त्याच्या टेबलावरचं सगळं तळघरात पाठवायचा हुकूम निघाला. तेवीस तारखेला साडेअकराला टेबल साफ झालं. अकरा एकतीसला ड्रायव्हरचा रिपोर्ट मागितला. तेव्हा सगळं रुग्णालय आपापली फाइल मागत एकाच जिन्यावर उभं होतं. बोर्डावर मात्र त्या क्षणी एक्क्याऐंशी टक्के, हिरवं."

मी छापील पानं सर्जनबाईंपुढे ठेवली. त्यांनी पेन्सिलीची रेघ पाहिली आणि पान स्वतःकडे ओढून घेतलं.

"अज्ञानातून झालेलं दिसतं," अधीक्षक म्हणाले. "खालच्या पातळीवरचं."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं. "मग एकोणीस तारीख पाहिली. सकाळी नऊ ते एक, आठ ओळी नाहीत. औषधखिडकीच्या वहीत तीच सकाळ कोरी आहे. एकही अडथळा नाही. म्हणजे कुणीतरी सफाई थांबवून पाहिली. साहेब बाहेर असताना, कारण बोर्ड लाल होणार होता. त्याला कारण सापडलं. आणि एक वाजता, साहेब परतल्यावर, सफाई पुन्हा सुरू झाली. ड्रायव्हर टेबलावर आला तेवीसला. चार दिवस आधी इथे कुणाला तरी सगळं माहीत होतं. आणि चोवीसला त्यानंच वहिनीविरुद्धच्या आरोपपत्राला तांत्रिक अहवाल जोडला."

संगणकप्रमुखांचा रुमाल हातातच राहिला.

"मी सांगितलं होतं साहेबांना," ते म्हणाले. इतक्या हळू की सर्जनबाईंना पुढे वाकावं लागलं. "एकोणीसलाच सांगितलं. थांबवलं की वेग येतो, फक्त आकडा लाल होतो. साहेब म्हणाले, मला लाल दिसता कामा नये."

"तू वेगाचं नीट सांगितलं नाहीस!"

"सांगितलं, साहेब. तुम्ही म्हणालात, वेग बोर्डावर कुठे दिसतो?"

सर्जनबाई उठल्या. आवाज चढवला नाही. "मी त्या माणसाशेजारी हात वर धरून उभी होते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आकड्याचा रंग बघत होतात."

७

सफाई साडेपाचला कायमची बंद झाली. प्रमुखांनी ती माझ्यादेखत पुसली. सहाला औषधखिडकीत मोठा काटा बारावर आला आणि पुढे गेला. खुर्ची सरकली नाही. भिंतीवरचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणपन्नास होऊन लाल झाला. दुपारी कुणीतरी त्यावर हात धुण्याच्या सूचनांचा तक्ता टांगला.

त्याच सकाळी अधीक्षकांनी तोडगा काढला. 'तांत्रिक कारणास्तव विलंब' असं लिहायचं, वहिनीला कामावर घ्यायचं, प्रकरण बंद. "सगळ्यांचंच भलं आहे यात," ते म्हणाले.

"तंत्रानं तर इमानेइतबारे नोंद ठेवली," वहिनी म्हणाली. "कारण तुम्ही आहात. तेच लिहा."

ते लिहिणार नव्हते. म्हणून तिनं माझ्याकडून तेवीस तारखेचं पान घेतलं आणि खाली बाकाशी गेली. ड्रायव्हरच्या बायकोशेजारी बसून तिनं तिला पेन्सिलीची रेघ दाखवली. मी लांबूनच पाहत होते. पहिल्यांदा ती बाई मान हलवत राहिली, नाही, नाही, अशी. मग थांबली. त्या एका ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"म्हणजे मला नाव आठवलं नाही म्हणून नव्हे?" तिचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"नव्हे," वहिनी म्हणाली. "मीच ती रिपोर्टवाली बाई. आणि तुम्ही पाठ करावं म्हणून आम्ही रिपोर्ट ठेवत नाही. आम्ही ठेवतो म्हणून तुम्ही विसरायचं."

त्यानंतर त्या बाईनं चिठ्ठीची घडी उलगडली आणि वहिनीकडे पेन मागितलं.

दुपारी तीन वाजता वहिनीनं अधीक्षकांच्या टेबलावर एक फाइल ठेवली. आत ड्रायव्हरच्या बायकोची वरिष्ठांकडे केलेल्या तक्रारीची प्रत, सर्जनबाईंचं लेखी म्हणणं, औषधखिडकीची वही आणि सर्व्हरच्या नोंदींची सगळी पानं. साहेबांनी पहिलं पान वाचलं. फाइल मिटली. बोट दाराकडे गेलं.

काका सवयीनं पुढे झाले आणि त्यांनी फाइल उचलली.

"काका, ठेवा ती खाली," वहिनी म्हणाली. "खाली म्हणजे टेबलावर. आता ही रोज लागणार आहे."

काकांनी साहेबांकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. मग पाण्याचा ग्लास जरा बाजूला सरकवला, फाइल टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवली, आणि खोलीतल्या खुर्चीवर बसले.